विहिरीतले मीठ कुणाचे?

(पालघर येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठकीला निघताना आम्ही पिशवीत पाण्याची एक बाटली घालून आणली. ती इथे टेबलावर ठेवली आहे. पाणी दिसायला स्वच्छ आहे, वास नाही. पण जिभेला लावले तर खारट-तुरट लागते. ही विहीर बोईसरच्या पश्चिमेला, नाल्यापासून दोन शेते सोडून आहे. विहीर ज्याची, त्याच्या बापाने याच पाण्यावर पानवेल पोसली आणि पोरींची लग्ने केली. आज त्या वाडीत पानवेल नाही. चिकूची झाडे उभी आहेत. वाल पेरला तर उगवतो आणि चार पानांवर आला की कडेने करपतो.

हे पाणी घेऊन आम्ही दोन-तीन कार्यालयांच्या पायऱ्या चढलो. सगळीकडे एकच उत्तर मिळाले. समुद्र जवळ आहे, पाणी खारे होणारच! एका साहेबांनी तर बाटलीला हातही लावला नाही. "हे सॅम्पल कुणी घेतलं, कधी घेतलं, कुठून घेतलं?" एवढेच विचारले. आम्हाला राग आला. पण घरी आल्यावर विचार केला तेव्हा कळले की साहेबांचा सूर चुकीचा होता, प्रश्न बरोबर होता. तेव्हा आज भाषण कमी आणि हिशेब जास्त करायचा आहे. विहिरीतले मीठ समुद्राचे की कारखान्याचे, हे आपले आपण कसे ठरवायचे आणि ठरवल्यावर कुणापुढे कसे मांडायचे?

आधी आपल्या अंगावर येईल ते बोलून टाकू. काही विहिरींचे मीठ खरोखरच समुद्राचे आहे. चिंचणीपासून सातपाटीपर्यंतच्या पट्ट्यात पूर्वी रहाट चालत. रहाटाने विहीर आटत नसे. बैल दमायचा आणि विहीर पुन्हा भरायची. आता मोटार दमत नाही. किनाऱ्यालगत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. वरचे गोडे पाणी ओढून काढले की खालचे खारे वर येते. मे महिन्यात असा उपसा आपणच करतो. त्याचा दोष कारखानदाराच्या गळ्यात बांधायला गेलो तर तो पहिल्याच तारखेला आपल्याला खोटे पाडील आणि मग आपली खरी तक्रारही खोटी ठरेल.

मग फरक ओळखायचा कसा? समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते आणि पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सल्फेट. म्हणजे सातास एक. मुंबईचा समुद्र असो की मद्रासचा, हे प्रमाण जवळपास तेच राहते. समुद्राचे पाणी विहिरीत शिरले तर पातळ होऊन शिरेल, पण क्लोराइड आणि सल्फेट यांचे नाते साधारण तेच राहील. आता रंग आणि औषधांच्या कारखान्यांचे बघा. तिथे गंधकाम्ल पाण्यासारखे वापरतात. उरलेले आम्ल चुन्याने किंवा सोड्याने मारले की आम्ल जाते, सल्फेट राहते. कापड रंगवणारे ग्लॉबर सॉल्ट वापरतात, तेही सल्फेटच. तुमच्या विहिरीच्या तपासणीत क्लोराइड ४०० आणि सल्फेट ३५० आले, तर ते काम समुद्राचे नव्हे. समुद्राला तसे करताच येत नाही.

दोन इशारे मात्र ध्यानात ठेवा. अमोनियम सल्फेट आणि जिप्सम आपण स्वतः शेतात टाकतो, त्यानेही सल्फेट थोडे वाढते. म्हणून आपण काय टाकले ते लपवायचे नाही. आणि काही कारखाने मिठाचे आम्ल वापरतात. त्यांच्या सांडपाण्यात क्लोराइडच जास्त असेल. म्हणजे प्रमाण समुद्रासारखे आले तरी कारखाना सुटला असे होत नाही. तेव्हा दुसरी खूण पाहायची, ती सीओडीची. पाण्यातली घाण जाळायला किती प्राणवायू लागतो त्याचे ते माप आहे. स्वच्छ विहिरीचा सीओडी अगदी थोडा असतो. समुद्र विहिरीत मीठ घालील, रसायन घालणार नाही. क्लोराइड फार असेल तर ही तपासणी फसू शकते, म्हणून प्रयोगशाळेला पाणी खारे असल्याचे आधीच सांगावे. तिसरी खूण वेळेची. समुद्राचे मीठ उन्हाळ्याच्या शेवटी चढते आणि पाऊस लागला की उतरते. पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर ज्या विहिरीचे पाणी सुधारण्याऐवजी बिघडते, तिथे नाल्याकडे बघायचे. चौथी खूण जागेची. खाडीकडून आत येताना मीठ कमी होत गेले तर ते खाडीचे. नाल्यापासून लांब जाताना कमी होत गेले तर ते नाल्याचे. आपल्याकडचा काळा पाषाण भेगांचा आहे, पाणी भेगेभेगेने जाते. त्यामुळे एक विहीर बिघडते आणि शेजारची चांगली राहते. म्हणून एका विहिरीवर निकाल द्यायचा नाही. दहा विहिरी घ्यायच्या.

आता हे मीठ जमिनीत किती जाते ते बघू. एका एकराला दोन इंच पाणी दिले तर ते सुमारे दोन लाख लिटर होते. पाण्याची क्षारता ३ डेसीसायमन असेल तर लिटरमागे साधारण दोन ग्रॅम मीठ आले. म्हणजे एका पाळीला जवळपास ४०० किलो, पन्नास किलोची आठ पोती! दहा पाळ्यांत ऐंशी पोती मीठ आपण स्वतःच्या हाताने, स्वतःची वीज जाळून, स्वतःच्या शेतात पेरतो. अशी पेरणी जगात कुणी केली नसेल. वाल आणि घेवडा मुळाशी क्षारता १ च्या वर गेली की उतारा सोडायला लागतात. मिरची दीडपर्यंत टिकते. भात ३ पर्यंत टिकतो. चिकू पुष्कळ सोसतो. म्हणून वाडीत चिकू हिरवा दिसतो आणि पाहणीला आलेला माणूस म्हणतो, झाडे तर छान आहेत!

आपले नशीब एवढेच की इथे दोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. दरवर्षी तो बरेचसे मीठ धुऊन नेतो. पण सोडियम चिकणमातीला चिकटला की माती विस्कटते, ओली असताना लोण्यासारखी आणि वाळली की दगडासारखी होते, पाणी मुरत नाही. त्यावर जिप्समचा उपाय आहे. जिप्सममधला चुना सोडियमला हुसकतो. पण हुसकलेला सोडियम धुऊन काढायला पुन्हा गोडे पाणीच लागते.

गोडे पाणी म्हटले की सूर्येचे नाव येते. धामणीचे धरण आणि कवडासचा बंधारा बांधला तो डहाणू, पालघर, विक्रमगड या भागातल्या आदिवासी आणि शेतकऱ्यांच्या १४ हजार हेक्टरांहून अधिक जमिनीला पाणी देण्यासाठी, असे कागदावर आहे. आज त्याच सूर्येचे पाणी कारखान्यांना जाते आणि वसई-विरार व मीरा-भाईंदरसाठी दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची योजना आहे. शहरातल्या माणसाला तहान लागते, त्याच्याशी आमचे भांडण नाही. पण नदीचे गोडे पाणी कारखान्याला आणि कारखान्याचे पाणी आमच्या नाल्याला, ही कुठली वाटणी?

तारापूरची औद्योगिक वसाहत सत्तरच्या दशकात आली. अणुवीज केंद्र त्याआधी, १९६९ मध्ये सुरू झाले होते. पोरांना नोकऱ्या मिळतील म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी जमिनी दिल्या. काहींना नोकऱ्या मिळाल्याही. ते नाकारण्यात अर्थ नाही. या सभेतल्या कितीतरी घरांत एक पगार वसाहतीतून येतो. ज्या घरात तो पगार येतो त्याच घरातल्या माणसाला नाल्याविरुद्ध बोलणे जड जाते, हेही आम्हाला ठाऊक आहे. पण जानेवारी २०२० मध्ये याच वसाहतीत स्फोट होऊन आठ माणसे गेली. धोका कुंपणाच्या आत आणि बाहेर सारखाच आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या शंभर औद्योगिक क्षेत्रांना गुण दिले. हे गुण उलटे असतात. जितके जास्त तितकी घाण जास्त. सत्तरच्या वर गेले की क्षेत्र अतिप्रदूषित धरतात. तारापूरला ९३.६९ मिळाले. देशात पहिला नंबर! दिल्लीच्या नजफगड नाल्याचे खोरे, मथुरा, कानपूर, बडोदा, सगळे मागे. पोराला ९३ मिळाले असते तर आपण पेढे वाटले असते.

हे एका रात्रीत झाले नाही. वसाहतीचे सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र दिवसाला २५ दशलक्ष लिटरचे होते आणि येणारे पाणी त्याहून जास्त. शेराच्या मापात दोन शेर ओतले की एक शेर बाहेर सांडणार, त्याला शास्त्रज्ञ लागत नाही. प्रक्रिया झालेले आणि न झालेले पाणी नवापूरच्या समुद्रात आणि खाडीत गेले. पहिली झळ लागली मच्छीमारांना, आणि पहिले उठलेही तेच. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे अर्ज केला. लवादाने तज्ज्ञांची समिती नेमली. जानेवारी २०२२ मध्ये निकाल लागला. शंभराहून अधिक कारखाने आणि प्रक्रिया केंद्र यांच्यावर कोट्यवधी रुपयांची पर्यावरण भरपाई बसवली गेली. मांगेला बांधवांनी सहा वर्षे चिकाटी धरली, त्याबद्दल या सभेने उठून टाळ्या वाजवल्या पाहिजेत.

टाळ्या झाल्यावर मात्र एक गोष्ट समजून घ्या. पर्यावरण भरपाईचा पैसा पर्यावरण दुरुस्त करण्यासाठी सरकारी मंडळांकडे जातो. तो आपल्या बँकेच्या पासबुकावर येत नाही. वाडी गेली, विहीर गेली, त्याची भरपाई ज्याची त्याला वेगळी मागावी लागते. लवादाच्या कायद्यात त्यासाठी कलम १५ आहे. नुकसानीचे कारण पहिल्यांदा घडले तेव्हापासून पाच वर्षांत अर्ज करायचा. योग्य कारण दाखवले तर आणखी साठ दिवस. नुसता पर्यावरणाचा वाद उभा करायचा असेल तर कलम १४, त्याला मुदत सहाच महिने आणि वर तेच साठ दिवस. भरपाई मागायची नसेल तर फी १००० रुपये; मागायची असेल तर मागितलेल्या रकमेच्या एक टक्का. पश्चिम विभागाचे पीठ पुण्याला आहे. "आमच्याकडे तर वीस वर्षांपासून असंच आहे," हे वाक्य आपण फार अभिमानाने बोलतो. वकील ते ऐकून कपाळाला हात लावतो. वीस वर्षे गप्प बसलो, याचा पुरावा आपणच देतो.

आता उत्पादन खर्चाचा हिशेब करू, तो या चळवळीचा जुना विषय आहे. आपण म्हणतो, भातात आमचा खर्च निघत नाही, कारण खर्च मोजतच नाहीत. कारखानदाराची गोष्ट याच्या उलटी आहे. त्याचा खर्च त्याच्या वहीत पूर्ण लागतच नाही. राजस्थानात उदयपूरजवळ बिछरी नावाचे गाव आहे. तिथे १९८८-८९ च्या सुमारास एच ॲसिड नावाचे रंगाचे रसायन काढले. माल निघाला सुमारे ३७५ टन. मागे गाळ राहिला सुमारे २,४४० टन. एक पोते मालामागे साडेसहा पोती विष! ते उघड्यावर टाकले, पावसाने मुरले आणि विहिरींचे पाणी गडद रंगाचे झाले. हे रसायन पुढारलेल्या देशांनी आपल्याकडे काढायचे सोडले होते. का सोडले? गाळ निस्तरायचा खर्च धरला तर धंदा परवडत नाही म्हणून. बिछरीत तो परवडला, कारण खर्च गावाच्या विहिरीत टाकला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले की ज्याने घाण केली त्याने निस्तरण्याचा खर्च द्यायचा. पण पैसे लगेच निघाले नाहीत. २०११ मध्ये न्यायालयाला पुन्हा ३७ कोटींवर रक्कम चक्रवाढ व्याजासह भरायचा हुकूम करावा लागला. कारखाना चालला दीड-दोन वर्षे, भांडण चालले वीस वर्षांवर.

दुसरी गोष्ट जपानची, आणि ती भाताची आहे. तोयामा भागात जिंझू नदीवर वरच्या अंगाला जस्ताची खाण होती. तिच्या सांडपाण्यातून कॅडमियम नदीत आले, नदीचे पाणी भातखाचरात गेले, भातातून माणसांत गेले. हाडे इतकी ठिसूळ झाली की खोकताना मोडत. त्यात बायका जास्त होत्या. रोगाचे नावच पडले "इताई-इताई", म्हणजे दुखते गं, दुखते. सरकारने १९६८ मध्ये कारण मान्य केले. लोक १९७२ मध्ये वरच्या न्यायालयातही जिंकले. त्यांनी नुसती भरपाई घेतली नाही. कंपनीकडून लेखी करार करून घेतला की गावकरी हवे ते शास्त्रज्ञ घेऊन खाणीत शिरतील, तपासणी करतील आणि खर्च कंपनी देईल. ती तपासणी दरवर्षी होत आली. शेतांची माती बदलण्याचे काम २०१२ मध्ये पुरे झाले. ८०० हेक्टरांहून अधिक जमीन. भरपाईपेक्षा आम्हाला तो दरवाजा उघडण्याचा करार मोठा वाटतो.

कॅडमियम, शिसे, क्रोमियम हे धातू मिठासारखे पावसाने धुऊन जात नाहीत. ते मातीत बसतात. जमीन आम्लधर्मी असेल तर कॅडमियम भातात जास्त चढते. खाचरात पाणी उभे असताना ते दबून राहते आणि दाणा भरताना खाचर कोरडे केले की सुटते. आता प्रश्न असा की आपल्या मातीत ते आहे की नाही? सरकारने २०१५ पासून जमीन आरोग्य पत्रिका दिली. पुष्कळांच्या घरी ती आहे. तिच्यात बारा गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. यात शिसे कुठे आहे? कॅडमियम, क्रोमियम, पारा कुठे आहेत? माणसाला विषबाधा झाली आणि डॉक्टरने वजन-उंची मोजून तब्येत ठणठणीत असल्याचे लिहून दिले, तसा हा प्रकार. चंद्रपूरच्या किंवा लातूरच्या शेतकऱ्याला जी पत्रिका, तीच तारापूरच्या वसाहतीच्या भिंतीलगतच्या शेतकऱ्याला. अतिप्रदूषित क्षेत्राच्या भोवतालच्या गावांत पत्रिकेबरोबर जड धातूंची तपासणी सरकारी खर्चाने झाली पाहिजे, ही आमची पहिली मागणी आहे. ज्या क्षेत्राला सरकारनेच पहिला नंबर दिला त्या क्षेत्रासाठी मागतो आहोत, भीक मागत नाही.

हवामान बदलले आहे, हे आता कुणी सांगायला नको. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळाने किनाऱ्यावरच्या बागांची काय दशा केली ते तुम्ही पाहिले. ऐन मोहरात अवकाळी पाऊस येतो. यात एक धोका आहे, तो असा की आता प्रत्येक नुकसानीला "हवामान बदल" म्हणून मोकळे होता येते. पूर्वी समुद्र होता, आता हवामान आहे. कारखानदाराला एक साक्षीदार वाढला. म्हणून वही ठेवणे आणखी जरूर आहे. वादळाने पडलेले झाड वेगळे लिहा, पाण्याने करपलेले वेगळे लिहा.

वही कशी ठेवायची ते सांगून थांबतो. मंडळाने कारखान्यात घेतलेला नमुना कोर्टात चालायचा तर त्याला नियम आहेत: नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, सील आणि सह्या करायच्या. आपल्या विहिरीच्या बाटलीने कारखाना दोषी ठरत नाही, पण मंडळाला यायला भाग पाडता येते. त्यासाठी बाटली नीट हवी. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली चालणार नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून आधी बाटल्या मागून घ्या. धातूंच्या बाटलीत त्यांनी आम्लाचे थेंब घातलेले असतात, ती धुवायची नाही. विहिरीवर सरपंच किंवा पोलीस पाटील आणि दोन शेजारी उभे करा, तारीख-वेळ-गट नंबर घालून पंचनामा लिहा, सह्या घ्या, बर्फात घालून त्याच दिवशी पोचवा. ग्रामसभेत अहवाल वाचून ठरावात नोंदवा. पैसे नसतील तर निदान क्लोराइड, सल्फेट आणि क्षारता भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून मागा.

आणि सातबारा. २०२१ पासून पीक पाहणी आपल्या मोबाइलवर आपणच करतो. कितीजण करतात? पानवेल गेली तरी कुणाच्या उताऱ्यावर ती अजून उभी आहे, कुणाच्या जमिनीवर नुसते भात लिहिले आहे. जे शेत पाण्यामुळे पड राहिले त्याची पड म्हणून नोंद करा. फोटो जोडा. पाच वर्षांनी कोर्टात हाच कागद बोलणार आहे.

यंदा नाल्याच्या दोन्ही अंगांच्या दहा विहिरी घ्यायच्या ठरल्या आहेत. एकदा मे महिन्याच्या शेवटी, एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि एकदा दिवाळीनंतर, अशा तीन वेळा. कोळीवाड्यांतले भाऊ त्याच दिवशी खाडीचे पाणी घेतील. कोलवडे, कुंभवली, पाम, सालवड आणि नवापूर या गावांच्या माणसांनी जेवायच्या आधी मागच्या टेबलावर नावे आणि गट नंबर लिहून द्यावेत. बाटल्यांची पेटी तिथेच आहे. पेटीवर चिठ्ठ्या चिकटवायच्या राहिल्या आहेत, शाळेत जाणारी पोरे आली असतील तर त्यांना पाठवा.